‘रोटरी’ इंजिनात नेमके काय फिरते?

कोल्हापुरातील अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे: हौशी मंडळी स्वतः बांधलेल्या छोट्या विमानांत रोटरी इंजिन बसवतात, त्यावर मराठीत लेख लिहिताना ‘घरगुती विमानातील चक्री इंजिन’ असे म्हटले तर चालेल का?

‘घरगुती’ आधी निकालात काढतो. घरगुती म्हटले की गॅस, मसाला आणि औषधोपचार आठवतात. ‘घरबांधणीचे विमान’ म्हणावे तर गृहकर्जाचा भास होतो. ‘हौशी बांधणीचे विमान’ हा प्रयोग मला सरळ वाटतो, कारण अशा विमानाचा मोठा भाग कारखान्याने नव्हे, तर हौशी माणसाने स्वतः बांधलेला असतो, हे त्यातून कळते.

‘चक्री’ मात्र अधिक अडचणीचा आहे. इंजिनाच्या शास्त्रात ‘चक्र’ हा शब्द आधीच गुंतलेला आहे: हवा आत घेणे, दाबणे, इंधन जाळणे आणि धूर बाहेर टाकणे या क्रमाला आपण चक्र म्हणतो आणि ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनणाऱ्या साध्या डिझेल इंजिनातही असतेच. शिवाय खरी गोम अशी की ‘रोटरी’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी यंत्रे नांदतात.

पहिले यंत्र 1908 चे, फ्रान्समधील सेगँ बंधूंचे नोम इंजिन. त्यात क्रँकशाफ्ट, म्हणजे एरवी पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, विमानाच्या सांगाड्याला जखडलेला असे आणि सातही सिलिंडर पंख्यासकट त्याच्याभोवती गरगरत. जात्याची मधली खीळ जागची हलत नाही आणि वरची तळी फिरते, तसाच हा प्रकार. वंगणाला एरंडेल वापरत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. याला मी ‘फिरत्या सिलिंडरांचे इंजिन’ म्हणेन. सिलिंडर तसेच ताऱ्यासारखे मांडलेले, पण स्थिर असले, तर ते ‘अरीय’ म्हणजे रेडियल इंजिन होय. चित्रात दोन्ही सारखी दिसतात म्हणून गल्लत होते.

दुसरे यंत्र जर्मन अभियंता फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून आले. त्याचा पहिला नमुना 1957 मध्ये चालला आणि हौशी विमानबांधणीत रोटरी म्हणून जे बसवले जाते, ते बहुधा याच जातीचे, माझदाच्या मोटारीतून काढलेले 13बी इंजिन असते. यात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर एका बंदिस्त कोठीत फिरतो आणि त्याच्या मधून जाणारा शाफ्ट मुद्दाम ‘आउट’ केलेला, म्हणजे मध्यापासून बाजूला सरकवलेला, असतो. लेथवर ज्या दोषाला आपण ‘आउट आहे’ म्हणून नाक मुरडतो, तोच इथे गुण ठरतो. पुस्तकी मराठीत त्याला ‘उत्केंद्री’ म्हणतात.

शब्दाच्या दृष्टीने मौज पुढेच आहे. शालेय भूगोलात आपण स्वतःभोवती फिरण्याला परिवलन आणि दुसऱ्याभोवती फिरण्याला परिभ्रमण म्हणतो. वांकेलचा रोटर पृथ्वीप्रमाणे दोन्ही करतो: त्याचे केंद्र शाफ्टच्या अक्षाभोवती तीन फेऱ्या घालते, तेवढ्यात तो स्वतःभोवती एकदाच फिरतो. त्यामुळे ‘परिभ्रमी’ किंवा ‘परिवलनी’ यांपैकी कोणताही एकटा शब्द अर्धेच सांगतो. ‘फिरता दट्ट्या’ हे वर्णन बरे आहे, पण कारखान्यात दट्ट्या कोणी म्हणत नाही, पिस्टनच म्हणतात. म्हणून लेखात पहिल्यांदा ‘वांकेल पद्धतीचे रोटरी इंजिन’ लिहावे आणि पुढे नुसते ‘रोटरी’ ठेवावे.

हलते भाग थोडे आणि व्हॉल्व्ह मुळीच नाहीत, हे या इंजिनाचे आकर्षण आहे. रोटरच्या टोकाची, कोठीच्या भिंतीला टेकून वायू अडवणारी पट्टी झिजली, तर इंजिन बहुधा एकदम जाम होत नाही, त्याची ताकद उतरत जाते; तेव्हा लेखात ‘बंद पडणे’ आणि ‘ताकद उतरणे’ हा फरक सांभाळावा, कारण हवेत असलेल्या माणसाच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. मात्र शाफ्ट मिनिटाला सहा हजारांच्या आसपास फेऱ्या घेतो आणि पंख्याला तो वेग झेपत नाही, म्हणून मध्ये वेग उतरवणारी गिअरपेटी लागते. तिला ‘गतिन्यूनक’ वगैरे म्हणू नये. गिअरपेटी सर्वांना कळते.

एक सावधगिरी: हलक्या विमानांत सर्रास आढळणारे ‘रोटॅक्स 912’ हे नाव रोटरीच्या जवळ जाते, पण ते समोरासमोर चार सिलिंडर असलेले साधे पिस्टन इंजिन आहे.