पोलिसांत गेले तर देवाच्या विरोधात जाईन का?

घरी मारहाण सोसणाऱ्या ख्रिस्ती बाया समुपदेशनाला येतात तेव्हा बऱ्याच जणींचा पहिला प्रश्न कायद्याचा नसतो. मार किती, कधीपासून, हे त्या मागाहून सांगतात. आधी विचारतात, "ताई, तक्रार केली तर ते वचनाच्या विरुद्ध होईल ना?" या प्रश्नाला उत्तर न देता थेट पोलीस ठाण्याचा रस्ता दाखवला, तर बाई मान हलवते, जाते आणि परत येत नाही.

खालची हकिगत अशा प्रकरणांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून मांडली आहे. कोणा एकीची ओळख त्यात शोधू नये.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. ती खाजगी दवाखान्यात परिचारिका, वय तिशीच्या पुढे, पदरात दोन मुली. नवरा दारूला शिवत नाही, उपासनेत तबला वाजवतो, तरुण संघाची कामं बघतो. म्हणूनच तिच्यावर कोणी विश्वास ठेवेना. पगार तिच्या नावावर, एटीएम कार्ड त्याच्या खिशात. दुसरी मुलगी झाल्यापासून हात उचलणं वाढलेलं. आई म्हणाली, "तो मस्तक आहे, गप राहा," म्हणजे वचनाप्रमाणे नवरा हा बायकोचा प्रमुख. पाळकसाहेबांनी पेत्राचं पहिलं पत्र काढलं, अध्याय 3, ओवी 1: पतीला शब्दावाचून, आपल्या वागण्याने जिंकून घ्या. तिने वर्षभर तेच केलं.

पहिल्या भेटीत बायबल उघडलं नाही. आधी धोका किती आहे ते पाहायचं असतं, आणि त्यासाठी प्रश्न नेमके लागतात. मार वाढतोय का? हत्यार दाखवलं का? "तू गेलीस तर मी जीव देईन" किंवा "तुला संपवीन" असं म्हणतो का? कामाच्या ठिकाणी येऊन उभा राहतो का? गरोदरपणात मारलं होतं का? आणि गळा दाबला होता का? हा शेवटचा प्रश्न वेगळा विचारावा लागतो, कारण पुष्कळ बाया त्याला मारहाणीत धरतच नाहीत. ही पण म्हणाली, "मारलं नाही तेव्हा, नुसता गळा धरला होता." एकदा गळा दाबला गेला असेल तर पुढे जिवावर बेतण्याचा धोका कितीतरी वाढतो. त्यामुळे हे उत्तर आल्यावर "थोडं थांबून बघू" हा सल्ला बाद होतो.

मग तयारी. भेटीची वेळ तिच्या ड्यूटीच्या तासांत ठेवली, फोनवर निरोप नाही, हातात माहितीपत्रक नाही. आधार कार्ड, चर्चचा विवाह दाखला, मुलींचे जन्म व बाप्तिस्म्याचे दाखले, पासबुक, दागिन्यांच्या पावत्या यांचे फोटो बहिणीच्या फोनवर गेले आणि तिच्या फोनमधून पुसले गेले. व्हॉट्सॲप आणखी कुठे जोडलेलं आहे का तेही पाहिलं. विवाह दाखला हरवला असेल तर चर्चच्या विवाह नोंदवहीतून उतारा मिळतो. शेजारच्या एका विश्वासू बाईशी एक शब्द ठरला: तो मेसेज आला की तिने पोलिसांच्या आपत्कालीन क्रमांकाला, 112 ला, फोन करायचा.

इथे एक चूक फार होते. बाई उत्साहात आधी पगाराचं खातं बदलते. पगाराच्या दिवशी त्याच्या फोनवर बँकेचा मेसेज येत नाही आणि त्याच रात्री मार पडतो. दुसऱ्या बँकेत खातं आधी उघडून ठेवायचं, पण पगार तिकडे वळवायचा तो बाहेर पडण्याचा किंवा न्यायालयाचा आदेश मिळण्याचा दिवस ठरल्यावरच. दुसरी चूक दवाखान्यात. परिचारिका असूनही हिने केसपेपरवर "जिन्यावरून पडले" असं दोनदा लिहून घेतलं होतं. पुढे न्यायालयात हाच कागद समोरचा वकील वाचून दाखवतो. खरं कारण पहिल्याच वेळी सांगावं, आणि सरकारी रुग्णालयात एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद करून घ्यावी.

दुसऱ्या भेटीत ती स्वतःच बायबल घेऊन आली. आता तिच्या प्रश्नाला हात घालणं शक्य होतं, आणि त्यात घाई करून चालत नाही.

इफिसकरांस पत्राचा अध्याय 5 बहुतेकींना ओवी 22 पासून पाठ असतो: पतीच्या अधीन असा. तिला ओवी 21 वाचायला सांगितली. तिथे ख्रिस्ताचं भय धरून "एकमेकांच्या अधीन असा" हे आधी सगळ्यांनाच सांगितलं आहे, नवऱ्यालाही. मग पुढे वाचायचं. बायकोला सांगितलंय त्याहून किती तरी जास्त पौल नवऱ्याला सांगतो: ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती कर, तिला स्वतःच्या देहासारखं जप. त्या अध्यायातलं मस्तकपण दुसऱ्यासाठी मार सोसणारं आहे, मार देणारं नाही. आणि आणखी एक: अधीन राहण्याचं वचन बायकोला उद्देशून आहे. "तिला अधीन ठेव" अशी आज्ञा नवऱ्याला नव्या करारात कुठेही नाही. त्याला कलस्सैकर 3:19 मध्ये सांगितलं आहे ते असं, की पत्नीशी निष्ठुरपणे वागू नको.

पाळकसाहेबांनी दिलेलं पेत्राचं वचनही पुरतं वाचावं. ते मुख्यतः विश्वासात नसलेल्या नवऱ्यांच्या बायकांना लिहिलं आहे. हिचा नवरा तबला वाजवून "हालेलूया" म्हणणारा. त्याच अध्यायात ओवी 6 बायकांना भिऊ नका म्हणते, आणि ओवी 7 नवऱ्यांना सांगते की पत्नी ही जीवनाच्या कृपादानाची तुमच्या बरोबरीची वारस आहे, तिला मान द्या, म्हणजे तुमच्या प्रार्थनांत अडथळा येणार नाही. बायकोला लाथ घालून उपासनेला जाणाऱ्याच्या प्रार्थनेबद्दल पेत्राचं म्हणणं इतकं उघड आहे. तरी या ओवीवर उपदेश क्वचितच कानी येतो.

तिची खरी बोच मात्र वेगळीच निघाली. "पण नवऱ्याला न सांगता मी हे सगळं करतेय." अशा वेळी 1 शमुवेल, अध्याय 25 उपयोगी पडतो. नाबालाच्या अरेरावीमुळे दावीद 400 माणसं घेऊन निघाला होता. नाबालाची बायको अबीगईल हिने 200 भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरं, शिवाय मनुका आणि अंजिराच्या ढेपा गाढवांवर लादल्या आणि नवऱ्याला न सांगता निघाली. शास्त्र तिला दोष देत नाही. दावीद तिच्या शहाणपणाला धन्य म्हणतो, कारण तिने रक्तपात टाळला. जिवाच्या भीतीने निघून जाणं म्हणजे अविश्वास, असंही कुठे नाही. योसेफ बाळाला घेऊन रातोरात मिसरला गेला, पौल दिमिष्काच्या (दमास्कसच्या) तटावरून पाटीत बसून उतरला.

मलाखी 2:16 आलंच. देवाला सोडचिठ्ठीचा तिटकारा आहे, हे प्रत्येकीला ऐकवलेलं असतं. त्याच ओवीत पुढे जुलमाचाही धिक्कार आहे. तो भाग सांगायचा राहून जातो.

"पण केस म्हणजे घटस्फोटच ना?" नाही. हा गैरसमज सुटला की निम्मं ओझं उतरतं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 हा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे, सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे आणि त्यात लग्न मोडत नाही. कलम 18 खाली मारहाण व संपर्क थांबवणारा संरक्षण आदेश मिळतो, कलम 19 खाली घरातून न काढण्याचा, गरज पडली तर त्यालाच बाहेर ठेवण्याचा, कलम 20 खाली खर्चाचा, कलम 21 खाली मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे.

अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत देता येतो. त्यांचा पत्ता जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात किंवा 181 या महिला हेल्पलाइनवर मिळतो. ते घटनेचा अहवाल नमुना 1 मध्ये भरतात आणि अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. ती माहेरी किंवा बहिणीकडे राहत असेल तर तिथल्या न्यायालयातही चालतो. कायदा पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, म्हणून कलम 23 खालचा अंतरिम आदेश पहिल्याच अर्जात मागावा. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वकिलाची फी नको असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. तिथे स्त्रीला उत्पन्नाची अट नाही.

वेगळं राहायचं पण लग्न तसंच ठेवायचं असेल, तर ख्रिश्चनांसाठीच्या 1869 च्या घटस्फोट कायद्यात कलम 22 आहे: क्रूरतेच्या कारणावरून न्यायिक विभक्तता. 1 करिंथ 7:11 मध्ये वेगळी झालेली पत्नी पौलानेही गृहीत धरली आहे. तशीच राहा किंवा समेट कर, एवढंच तो म्हणतो. आणि घटस्फोटच हवा असेल तर 2001 च्या दुरुस्तीनंतर क्रूरता हे कारण पत्नीलाही स्वतंत्रपणे पुरतं. त्याआधी तिला व्यभिचारासोबत क्रूरता सिद्ध करावी लागे, नवऱ्याला मात्र नुसता व्यभिचार पुरे होता.

वसईकडच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक वाचकांसाठी थोडक्यात: चर्चच्या कायद्यातल्या कॅनन 1153 प्रमाणे जोडीदारामुळे शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं होण्याचं न्याय्य कारण मिळतं, आणि उशीर करणं धोक्याचं असेल तर बिशपांच्या आदेशाची वाट न पाहताही. पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये कुटुंबावरच्या पत्रात लिहिलं की काही वेळा असं वेगळं होणं नैतिकदृष्ट्याही आवश्यक ठरतं.

पाळकसाहेबांना भेटावं का? भेटावं, पण तिची संमती घेऊन आणि तयारी झाल्यावर. इथे बिघडतं ते बहुधा चांगल्या हेतूनेच. पाळक दोघांना समोरासमोर बसवतात, मत्तय 18 काढतात, "आधी एकांतात त्याचा दोष त्याला दाखव." मारणाऱ्याशी एकांत हाच तिचा धोका असतो. शिवाय त्याच्यासमोर ती खरं बोलणारच नाही, आणि बोललीच तर त्याचा हिशेब घरी चुकता होतो. म्हणून दोघांचं एकत्र समुपदेशन मार थांबल्याची खात्री होईपर्यंत करायचं नाही. याच कायद्याखालच्या 2006 च्या नियमांतला नियम 14 या बाबतीत फार शहाणा आहे: न्यायालयाने समुपदेशनाला पाठवलं तर पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी त्याने द्यायची, आणि "तिने उलट उत्तर दिलं म्हणून" असलं समर्थन तिथे चालत नाही.

पाळकांकडे तीनच गोष्टी मागितल्या. तिने काय सांगितलं ते त्याच्या कानावर घालू नये. "सोसून घे" म्हणू नये. आणि चौकशी चालू असेपर्यंत त्याला व्यासपीठावरच्या कामातून बाजूला ठेवावं. तिसऱ्या मागणीवर पास्टरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीत, बरीच वादावादी झाली. शेवटी मान्य झालं.

अंतरिम आदेशाची नोटीस लागताच नवरा रविवारी मंडळीपुढे उभा राहिला, रडला, साक्ष दिली. महिला संघातल्या दोघी लगेच तिच्याकडे आल्या: "आता तरी क्षमा कर." क्षमा, समेट आणि परत एका छताखाली राहणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तिच्या आणि देवाच्या मधली, तिला वेळ लागू दे. दुसरीला दोघं लागतात. तिसरी सुरक्षिततेवर ठरते, अश्रूंवर नाही. पश्चात्ताप मोजायला लूक 19 मधला जकातदार जक्कय बरा: त्याने तोंडाने कबूल केलं आणि लगेच चौपट परत देण्याचा आकडा सांगितला. नवऱ्याच्या बाबतीत आकडे असे ठरले: एटीएम कार्ड परत, तिच्या पगारातून त्याने स्वतःच्या नावावर घेतलेल्या मोटारसायकलचे उरलेले हप्ते त्याने भरायचे, आदेशाचं पालन, आणि रागावरचं स्वतंत्र समुपदेशन त्याच्या खर्चाने. "तिनेही थोडं बदलावं" हे वाक्य आलं की घड्याळ पुन्हा शून्यावर.

कार्ड आठवड्यात मिळालं. हप्त्यांपैकी दोन भरले गेले, तिसऱ्याला "मंडळीने मला माफ केलंय, आता हिचं काय राहिलं" असा निरोप सासूबाईंच्या हस्ते आला. त्यावर तिने अर्जात खर्चाची रक्कम वाढवून मागितली. मुलींना घेऊन ती सध्या बहिणीकडे राहते. रविवारी दुसऱ्या सत्राच्या उपासनेला जाते, कारण पहिल्या सत्राला तो असतो आणि अंतर राखण्याच्या आदेशात चर्चचं आवारही धरलेलं आहे. हे आवार अर्जात नावानिशी लिहावं लागतं. "निवास व कामाचे ठिकाण" एवढंच लिहिलं तर चर्च त्यात येत नाही.