मेनोपॉजच्या त्रासावर चिनी औषधं आणि अ‍ॅक्युपंक्चर खरंच लागू पडतात का? कोणतं औषध घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की घरचे म्हणतात, "सगळ्याच बायकांना होतं, काढ की थोडे दिवस." हे वाक्य मीही ऐकलंय, तेही डॉक्टर असलेल्या दिराच्या तोंडून. "वहिनी, आईनेही काढलंच ना?" काढलं, खरंय. सासूबाई पौषातल्या थंडीत पहाटे ओसरीवर येऊन बसायच्या, पदराने मान पुसत. का बसता, असं घरात कुणी एकदाही विचारलं नाही. तेव्हा उत्तर जरा लांबणार आहे.

मी सिंगापूरला राहते. इथे चिनी वैद्याला सिनसे म्हणतात. 2000 साली कायदा झाला, त्यामुळे नोंदणीशिवाय कुणालाही हा व्यवसाय करता येत नाही. गरिबांना फुकट औषध देण्यासाठी 1867 मध्ये सुरू झालेली थोंग चाय संस्था अजून चालू आहे. "भोंदूगिरी" म्हणणाऱ्यांनी आधी हे लक्षात घ्यावं.

माझी पाळी लांबायला लागली आणि रात्रीची झोप गेली. अंगातून अचानक वाफा निघायच्या, गाऊन चिंब, बदलून पडावं तर पाच मिनिटांत हुडहुडी. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी कॉम्प्युटरवरून नजर न हलवता कॅल्शियम लिहून दिलं. शेवटी शेजारच्या चिनी आंटी मला खालच्या दुकानांच्या रांगेतल्या एका सिनसेबाईंकडे घेऊन गेल्या. त्यांना मँडरिनशिवाय काही येत नव्हतं, आंटी मधे बसून सांगत होत्या.

त्यांनी माझे दोन्ही हात छोट्या उशीवर ठेवून घेतले आणि एकेका मनगटावर तीन बोटं टेकवून डोळे मिटले. घाई नाही. मग जीभ पाहिली: लाल, वर साय जवळजवळ नाही, मधे भेग. आणि मग प्रश्न. घाम झोपेत येतो की जागेपणी? तळहात-तळपाय जळतात का? तहान लागल्यावर घोटभर पिता की तांब्याभर? झोप लागतच नाही की मधेच मोडते? कानात आवाज येतो का? कंबर दुखते का? रडू कशाने येतं? हा शेवटचा प्रश्न ऐकून मी तिथेच रडले. इतकी वर्षं डॉक्टरांकडे जातेय, हे मला कुणी विचारलेलं नव्हतं.

त्यांचं निदान होतं मूत्रपिंडाच्या 'यिन'ची, म्हणजे शरीरातल्या थंडावा-ओलाव्याची, कमतरता. आंटींनी सांगितलं, "आग वाढलेली नाही, भांड्यातलं पाणी आटलंय." म्हणजे नुसतं थंडावा देऊन भागत नाही, पाणी भरावं लागतं. त्यांचा प्राचीन ग्रंथ 'हुआंगदी नेईजिंग' बाईचं आयुष्य सात-सात वर्षांनी मोजतो: 14 व्या वर्षी पाळी येते, 49 व्या वर्षी जाते. इथलं 'मूत्रपिंड' सोनोग्राफीत दिसणारं नव्हे; वाढ, प्रजनन, हाडं, म्हातारपण हे सगळं त्यात धरलेलं असतं. माझ्या दिराला हे शेवटपर्यंत पटलं नाही, "क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) नॉर्मल आहे तुमचं," एवढंच म्हणत राहिला.

औषध होतं 'झी बाई दी हुआंग'च्या धर्तीवरचं. त्याचा पाया 'लिउ वेई दी हुआंग' ही सहा वनस्पतींची जोडणी, जी सुंग राजवटीतल्या छियेन यी या बालवैद्याने मुलांसाठी बसवली होती. तिच्यात उष्णता उतरवणाऱ्या आणखी दोन. पुड्या गरम पाण्यात ढवळून प्यायच्या, कडूजहर. शिवाय रात्रीच्या घामासाठी पाण्यावर तरंगणारा हलका गहू, खारकेसारख्या लाल चिनी बोरांबरोबर उकळून. या काढ्यात एरवी ज्येष्ठमध असतो. पण बाईंनी माझ्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट मागून घेतलं आणि ज्येष्ठमध काढून टाकला, कारण त्याने बीपी चढतं. ज्यांना आपण अडाणी समजतो त्या बाईंनी गोळ्या पाहायला मागितल्या, हे मी दिराला मुद्दाम सांगितलं.

काही आठवड्यांत रात्रीचा घाम कमी झाला आणि मी सलग झोपू लागले. दिवसाच्या झळा मात्र तशाच राहिल्या. त्यासाठी पुढे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून हार्मोनचा पॅच घेतला आणि त्याचं मला काहीही वाईट वाटत नाही. दीर म्हणतो, पॅचनेच सगळं गेलं. पण घाम पॅचच्या आधी कमी झाला होता, तो माझ्या अंगावरचा घाम होता आणि मला तारखा आठवतात.

त्याचा आवडता मुद्दा 2016 च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीचा. झळांचा त्रास आणि यिनची कमतरता असलेल्या 327 बायका. निम्म्यांना खरं अ‍ॅक्युपंक्चर, निम्म्यांना त्वचेत न शिरणाऱ्या बोथट सुया. दोन्ही गटांत त्रास साधारण 40 टक्क्यांनी कमी. "म्हणजे सुयांत काही नाही," तो म्हणतो. बरं, नसेल. पण त्याच वर्षीच्या अमेरिकेतल्या चाचणीत उपचाराविना थांबलेल्या बायकांना सहा महिन्यांत काहीच आराम नव्हता, सुया घेतलेल्यांच्या झळा 36.7 टक्क्यांनी उतरल्या. कुणीतरी पलंगावर झोपवून शांतपणे लक्ष दिल्याने एवढा फरक पडत असेल, तर ते लक्ष आपल्या दवाखान्यांत का मिळत नाही, याचं उत्तर त्याने मला द्यावं.

आता तुमचं "कोणतं औषध?" नाव सांगून उपयोग नाही. 'मेनोपॉजची चिनी गोळी' म्हणून ऑनलाइन मिळतं ते घेऊ नका. दांग गुई ही बायकांच्या तक्रारींवर दिली जाणारी चिनी मुळी नुसती एकटी घेऊन काही होत नाही. 1997 मध्ये 71 बायकांवर 24 आठवडे पाहिलं, डमी गोळीइतकाच परिणाम. चिनी वैद्य स्वतः ती एकटी देतच नाहीत. हातपाय गार पडणाऱ्या, थकलेल्या बाईला वेगळी जोडणी लागते. 1950 च्या दशकात शांघायमध्ये बनलेल्या 'अर शियेन' या अशा जोडणीत तर आपली काळी मुसळी आहे. तीच जोडणी माझ्यासारखीला दिली तर उष्णता वाढेल.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं: पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर काढा नाही, आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. रक्त पातळ करण्याची औषधं चालू असतील तर दांग गुई नकोच. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ऑन्कोलॉजिस्टला विचारल्याशिवाय कुठलीच जडीबुटी नको. हार्मोनने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो असं दाखवणाऱ्या 2002 च्या अमेरिकी अभ्यासामुळे हार्मोनला सरसकट घाबरू नका. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, तुमचं 48 आहे. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, तेव्हा नोंदणी विचारूनच जा.

जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. त्या दिवशी सकाळी जीभ घासू नका आणि चहा-कॉफी टाळा, नाहीतर जिभेचा रंग नीट कळत नाही.