किती झाले?

"मॅडम, माझ्याबरोबरच्या मुलीचे सात पेपर छापून झाले. माझा एक पण नाही. मला लिहायला येतच नाही की काय?"

बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या दोन खोल्यांत जास्त करून बारावीची मुलं आणि त्यांचे आईवडील येतात. गेल्या काही वर्षांत मात्र पीएच.डी. करणारे आणि कॉलेजात शिकवणारेही येऊ लागलेत. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, गाइडचा, म्हणजे पीएच.डी.च्या मार्गदर्शकाचा, फोन आला की हात गार पडतात, अशा तक्रारी घेऊन येतात. थोडं बोलणं झालं की वरचंच वाक्य निघतं, फक्त आकडा बदलतो. त्यांच्यातल्या एकीची ही गोष्ट. तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून.

जून २०२५. बाहेर बेळगावचा पाऊस, म्हणजे दुपारी तीनला दिवे लावायची वेळ. ती निपाणीहून एसटीने आली होती. (बस कर्नाटकची असली तरी आम्ही एसटीच म्हणतो.) वय एकतीस, एका डिग्री कॉलेजात गेस्ट लेक्चरर, पीएच.डी.चं चौथं वर्ष, विषय निपाणी भागातल्या विडी कामगार बायका. बोलताना बायकांच्या मोफत प्रवासाच्या शक्ती योजनेचं शून्य रुपयांचं तिकीट ती घडीवर घडी घालत बारीक करत होती. तास संपला तेव्हा त्याची मोहरीएवढी गोळी झाली होती.

तिने मोबाइलवरचा एक मेल दाखवला. 'यूजीसी केअर लिस्टेड' (म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीतलं) आंतरराष्ट्रीय नियतकालिक, तीन दिवसांत स्वीकृती, प्रमाणपत्रासह अडीच हजार रुपये. पैसे तिने आदल्या रात्रीच भरले होते. त्यानंतर झोप लागली नव्हती, म्हणून ती माझ्याकडे आली होती.

मी संशोधक नाही. पण अशी माणसं यायला लागल्यापासून नियम वाचून ठेवलेत, कारण निम्मी भीती ऐकीव नियमांची असते. यूजीसीने ती केअर यादीच फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. जूनमध्ये कुणी तिच्या नावाने पैसे मागत असेल तर तिथेच ओळखावं. आम्ही दोघींनी मिळून त्यांचा ताजा अंक उघडला. पहिला लेख माशांच्या खाद्यावर, दुसरा संत साहित्यावर, तिसरा काँक्रीटवर. आयएसएसएन क्रमांक होता, पण तो नियतकालिकाची ओळख पटवणारा आठ अंकी क्रमांक आहे, गाडीच्या नंबर प्लेटसारखा. प्लेट आहे म्हणून ड्रायव्हरला गाडी चालवता येते असं होत नाही.

इथवर ठीक होतं. पुढे मी चुकले.

मी तिला वेळापत्रक करून दिलं. पहाटे पाच ते सात लेखन, रोज तीनशे शब्द, जमलं की चौकटीत फुली. बारावीच्या मुलांना हे चालतं. दोन आठवड्यांनी ती कागद घेऊन आली, एकही फुली नव्हती. कोपऱ्यात पेन्सिलने बेरीज मात्र केलेली होती: रोज तीनशे, महिन्याला नऊ हजार, म्हणजे महिन्याला दोन पेपर, म्हणजे वर्षाला चोवीस. मी म्हटलं, "चोवीस पेपर कशाला हवेत?" ती गप्प झाली. मग हसली आणि म्हणाली, "आमच्या घरात संध्याकाळी एकच प्रश्न असायचा. किती झाल्या?"

तिची आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवून मऊ केलेली पानं पत्र्याच्या मापाने कापलेली. मजुरी हजारावर. शाळेतून आलं की दप्तर ठेवायचं आणि आईच्या विड्यांची तोंडं मिटायला बसायचं. घरात ओरडा व्हायचा तो आकडा कमी भरला म्हणून, आणि कौतुकही आकडा भरला म्हणूनच. मी तिला जे वेळापत्रक दिलं होतं ते दुसरं सूपच होतं. रोजचे शब्द मोजायला लावून मी तिच्या दुखण्यावर मीठ चोळलं होतं, आणि ते मला दोन आठवड्यांनी कळलं.

म्हणून आकड्यालाच आधी हात घातला. तिला नेमके किती पेपर लागतात? कॉलेजात कुणी म्हणे दहा, कुणी म्हणे पंधरा. आम्ही यूजीसीची २०१८ ची नियमावली उघडली. कॉलेजातल्या सहायक प्राध्यापक पदासाठी मुलाखतीला कुणाला बोलवायचं याचा शंभर गुणांचा तक्ता त्यात आहे. शोधनिबंधाला प्रत्येकी २ गुण, पण सगळे मिळून जास्तीत जास्त ६. पीएच.डी.ला २५. तिने बोटं मोजली. तीन पेपरांनंतर चौथ्याला या तक्त्यात शून्य! तिचे तीन पेपर झाले तरी सात पेपरवाली मैत्रीण आणि ती, या रकान्यात दोघी सारख्याच. प्रबंध मागे ठेवून पेपरांच्या मागे लागणं म्हणजे सहा गुणांसाठी पंचवीस टांगणीला लावणं. शिवाय प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलेला हवाच, ही यूजीसीची सक्ती नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. नियमांत उरलेली नाही. विद्यापीठं आपापले नियम ठेवू शकतात, म्हणून तेवढं गाइडना विचारून लेखी घे, असं सांगितलं. पुढच्या वेळी विचारून आली. हा प्रश्न चार वर्षांत तिने एकदाही विचारला नव्हता, 'एवढं पण माहीत नाही काय' असं सर म्हणतील म्हणून.

तिसऱ्या भेटीत एक गोष्ट बाहेर आली. 'एक पण नाही' हे अर्धंच खरं होतं. वर्षापूर्वी तिने एका चांगल्या नियतकालिकाला लेख पाठवला होता. तो परत आला होता. सोबतचा मेल तिने फक्त 'खेद आहे' या शब्दापर्यंत वाचला आणि बंद केला. "माझी छाट झाली," ती म्हणाली.

छाट म्हणजे ठेकेदार नापास करून बाजूला काढतो त्या विड्या. तिच्या प्रबंधात त्यावर अख्खं प्रकरण आहे. मी मुद्दाम विचारलं, छाट विड्यांचं पुढे काय होतं? ती एकदम रंगात आली. तिने मुलाखती घेतलेल्या बायका सांगतात, छाटीची मजुरी मिळत नाही, विड्याही परत मिळत नाहीत, आणि का काढल्या ते कुणी सांगत नाही. मग मी म्हटलं, "तुमचा लेख तुमच्याकडेच आहे ना? आणि का काढला हेही लिहून आलंय. वाचूया?"

तिला वाचवेना, म्हणून मी मोठ्याने वाचलं. लेख तपासणाऱ्या दोन परीक्षकांची मिळून दीड पानांची टिपणं. एकाचा सूर तिरसट होता, ते मी लपवलं नाही. दुसऱ्याने मात्र मोलाचं लिहिलं होतं. सारांश असा, की या लेखात तीन लेख आहेत आणि एकही पुरा झालेला नाही. मजुरीचा इतिहास, छाटीची पद्धत आणि घरात बसून काम करणाऱ्या बाईची कामगार म्हणून नोंद, सगळं सहा हजार शब्दांत कोंबलंय.

आकड्याची भीती माणसाला दोन उलट टोकांना नेते, हे मला तिच्यामुळे नीट दिसलं. एक तर अडीच हजार भरून काहीही छापायचं, नाहीतर पुन्हा संधी मिळणार नाही म्हणून आयुष्यभराचं एकाच लेखात भरायचं. तिने दोन्ही केलं होतं.

नियोजन आम्ही केलं ते मग, आणि अगदी साधं केलं. तीन कोरे कागद. प्रत्येकावर एकच वाक्य, मराठीत: या लेखातून वाचणाऱ्याला कुठली नवी गोष्ट कळेल? दोन कागदांवरची वाक्यं गुळमुळीत निघाली. छाटीचा कागद तिने न थांबता भरला: 'छाट ही मालाची तपासणी नाही, मजुरी कापायची रीत आहे, आणि ती कशी चालते हे बायकांच्या वह्यांवरून दाखवता येतं.' बायकांच्या हिशोबाच्या वह्यांचे फोटो तिच्याकडे होते. पुरावा हातात, वाक्य हातात. पहिला लेख तोच. मजुरीच्या इतिहासासाठी जुनी कागदपत्रं अजून बघायची होती, तो पुढच्या वर्षी. तिसरा प्रबंधानंतर.

कुठे पाठवायचा, हे ठरवायला तिला तिचीच संदर्भसूची उघडायला लावली. ज्या लेखांशी आपण वाद घालतोय ते जिथे छापलेत, तिथले वाचक आपले. तशी चार नावं निघाली. त्यातल्या दोघांना एकदमच पाठवू काय, असं तिने विचारलं. नाही. एकाकडे लेख असताना दुसऱ्याला देणं ही गैरशिस्त समजतात. नकार आला की मगच पुढे. उत्तराला किती महिने लागतील हे आपल्या हातात नाही, म्हणून वाट बघण्याच्या काळात प्रबंधाचं कुठलं प्रकरण लिहायचं तेही त्याच कागदाच्या मागे लिहिलं. भाषेची अडचण होतीच. मुलाखती मराठी आणि कन्नडमध्ये, लेख इंग्रजीत. तिने मराठीतच कच्चा खर्डा केला आणि मग इंग्रजीत उतरवला. वेळ दुप्पट गेला. मी दुसरा उपाय सुचवू शकले नाही.

त्या अडीच हजारांचं काय झालं? लेख मागे घेते असं तिने लेखी कळवलं. कॉपीराइटच्या फॉर्मवर सही केलेली नव्हती, ते बरं झालं. त्यांनी मागे घेण्याचे आणखी पैसे मागितले. तिने दिले नाहीत, आणि भरलेलेही बुडाले. हे गाइडना सांगताना ती माझ्या खोलीत बसूनच फोनवर बोलली. सर दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, माझेही एकदा गेलेत.

छाटीवरचा लेख नोव्हेंबरमध्ये गेला. मार्चमध्ये उत्तर आलं, मोठे बदल करून पुन्हा पाठवा. या वेळी मेल तिने शेवटपर्यंत वाचला, पण वाचायच्या आधी मला फोन केला. परीक्षकांचे अकरा मुद्दे निघाले. एका बाजूला त्यांचा मुद्दा, शेजारी आपण काय बदललं आणि कुठल्या पानावर, असा तक्ता तिने केला. नऊ मान्य, दोन अमान्य, का ते लिहून. अमान्य लिहिताना तिचा हात थरथरत होता म्हणे. मी तक्ता बघितला. त्या दोन उत्तरांतली भाषा सगळ्यात नीट होती.

आई अजून विचारते, किती झाले. ती म्हणते, अकरापैकी आठ मुद्दे झाले. आईला ते पटतं.

मंगळवारी ती परत येते आहे. विषय पेपरचा नाही. गेस्ट लेक्चररची नेमणूक दर वर्षी नव्याने होते, आणि यंदाची यादी अजून लागलेली नाही.