लेकीला शेती धोरणाच्या संशोधनात जायचंय, जाऊ द्यावं का?

सप्रेम नमस्कार,

करमाळ्याहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी बीएस्सी ॲग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढे कृषी अर्थशास्त्रात एमएस्सी करून सरकारच्या शेती धोरणासाठी संशोधन करायचं, असं तिने ठरवलंय. तुमचं म्हणणं असं, की सरकारी संशोधन म्हणजे कपाटात पडणारे अहवाल. त्यापेक्षा तिने सरळ एमपीएससीची कृषी सेवा परीक्षा द्यावी. आणि तुम्ही विचारता, ‘कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा कुठल्या शास्त्रज्ञाला विचारलं होतं?’

या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली आणि मे २०२४ मध्ये उठली, तीही ४० टक्के शुल्क लावून. असे निर्णय शहरातल्या किरकोळ भावाकडे, निवडणुकीकडे बघून होतात, हे तुमच्या मुलीला आजच ठाऊक असलेलं बरं. संशोधक शिफारस करतो, निर्णय मंत्रिमंडळ घेतं. ज्याला हे सहन होत नाही त्याने या वाटेला जाऊ नये. पण कांदा किती हेक्टरवर लागला, किती निघेल, चाळीत किती टिकेल, याचा अंदाज कुणीतरी बांधलेला असतोच. तो चुकला तर सरकारला घाबरायला निमित्त मिळतं आणि मार तुम्हाला बसतो. म्हणूनच मोजणारा माणूस चांगला हवा.

तुमच्या स्वतःच्या शेतातलं उदाहरण घ्या. तुम्ही ऊस लावता आणि तूर करता. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान भाव, आणि तुरीचा हमीभाव या दोन्हींची शिफारस केंद्राचा कृषी मूल्य आयोग करतो. हा आयोग १९६५ पासून काम करतोय आणि आज २२ पिकांच्या हमीभावाची शिफारस करतो. त्यासाठी लागणारा उत्पादन खर्च दिल्लीत बसून काढत नाहीत. केंद्राची खर्च पाहणीची योजना आहे, महाराष्ट्रात ती राहुरीचं कृषी विद्यापीठ राबवतं. निवडलेल्या ठिकाणी दहा शेतकरी घेतात, जमिनीच्या पाच गटांतून प्रत्येकी दोन, म्हणजे एक हेक्टरच्या आतलाही येतो आणि सहा हेक्टरच्या वरचाही. योजनेचा माणूस वर्षभर त्यांच्या कामाची नोंद ठेवतो. बियाणं, खत, मजुरी हे सोपं. खरी कसोटी पुढे लागते. घरच्या बाईने दिवसभर खुरपणी केली, तिला मजुरी कुणी दिली नाही, मग ती खर्चात कशी धरायची? स्वतःच्या जमिनीचा खंड, म्हणजे भाडं, धरायचा का? प्रत्यक्ष केलेला रोख आणि वस्तुरूप खर्च म्हणजे ए-२. त्यात घरच्यांची मजुरी मिळवली की ए-२ अधिक एफएल. जमिनीचा खंड आणि घरच्या भांडवलाचं व्याज मिळवलं की सी-२. सरकार दीडपट भाव देतो म्हणतं ते ए-२ अधिक एफएलवर, आणि शेतकरी संघटना मागतात सी-२वर. हमीभावासाठी गेली कित्येक वर्षं चाललेलं बरंचसं आंदोलन या दोन आकड्यांतल्या फरकावर उभं आहे. तो फरक शेतातून अचूक उचलून आणणं हेच तुमच्या मुलीचं काम असेल. याला कागदी काम म्हणू नका.

या कामात आपल्या माणसांचा मोठा हात आहे, याचा मला अभिमान वाटतो. पूर्वी पिकाचा उतारा नजरेनेच, आणेवारीने ठरायचा. शेत चिठ्ठीने निवडायचं, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखून कापायचा, मळायचा आणि वजन करायचं, ही पीक कापणी प्रयोगाची शास्त्रीय पद्धत १९४०च्या दशकात बसवणाऱ्यांत पां. वा. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे ही दोन नावं पहिली येतात. सुखात्मे साताऱ्यातल्या बुधचे. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख झाले. आज तुमच्या महसूल मंडळात पीक विम्याची भरपाई मिळते की नाही, हे मुख्यतः या कापणी प्रयोगांवर ठरतं.

मुलीचा ओढा माती-पाण्याकडे असेल तर तेही क्षेत्र मोठं आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळी मोजते. त्यावरून एखादा पाणलोट ‘अतिशोषित’, म्हणजे मुरतं त्याहून जास्त पाणी उपसलेला, ठरला की तिथे सरकारी योजनेतून नवी विहीर मिळणं अवघड होतं. नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आहे. पण तिकडे भूगर्भशास्त्र, मृदाशास्त्र लागेल; पत्रावरून तरी मला तिचा कल हिशेबाचा वाटतो.

तिला आधी सांख्यिकी पक्की करायला सांगा. कृषी अर्थशास्त्राची मुलं इथेच कच्ची राहतात. मतं खूप असतात आणि आकड्यांशी झटापट आली की मागे सरतात. एमएस्सीसाठी राज्याची पदव्युत्तर सीईटी आणि आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) परीक्षा, दोन्ही द्यावी. पुण्यातल्या गोखले संस्थेत कृषी मंत्रालयासाठी काम करणारं कृषी-आर्थिक संशोधन केंद्र १९५४ पासून आहे. तिथले अभ्यास तिने वाचावेत. त्यापुढे एआरएस, म्हणजे आयसीएआरच्या शास्त्रज्ञपदाची परीक्षा. पदवीची आणि वयाची अट जाहिरातीत बघून घ्या, सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. कृषी अर्थशास्त्र आणि कृषी सांख्यिकी हे दोन्ही विषय त्यात आहेत. जागा थोड्या निघतात, जाहिराती दरवर्षी येतीलच असं नाही. मधल्या काळात प्रकल्पांवर कंत्राटी काम मिळतं. तिथे शिकायला मिळतं, पण त्यावर संसार उभा करू नये. यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवाही आहे, मात्र तिथे पदवीचे विषय काटेकोर बघतात, म्हणून पात्रतेची ओळ आधी वाचून घ्या.

चौथ्या वर्षी तिला ‘रावे’साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, गावात राहावं लागेल. बऱ्याच मुली-मुलांचे ते महिने फलक रंगवण्यात जातात. तिने त्याऐवजी पाच-सहा घरं धरावीत आणि एका पिकाचा खर्च रोजच्या रोज लिहावा, घरच्या बायांच्या कामाच्या तासांसकट. हे करताना तिला कंटाळा आला, तर एमपीएससीचा तुमचा आग्रह बरोबर आहे असं समजा. रस वाढला तर एमएस्सीला अडवू नका.

राहिली तुमची काळजी. एमपीएससीला खुल्या गटात ३८ वर्षांपर्यंत बसता येतं आणि कृषी सेवेसाठी तिची बीएस्सी पुरेशी आहे, म्हणजे एमएस्सीची दोन वर्षं दिली तरी तो दरवाजा बंद होत नाही. खर्चाची अडचण असेल तर सीईटीचा फॉर्म भरण्याआधी कॉलेजात शिष्यवृत्तीची चौकशी करून ठेवा, आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा. तहसीलला तो ऐन वेळी मिळत नाही.