पांढरे दिसते ते काय असते? एमआरआयच्या सिक्वेन्सबद्दल वाचकांचे प्रश्न

एमआरआयबद्दल इंदूरच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. औषधोपचाराचे प्रश्न ज्याच्या त्याच्या डॉक्टरांसाठी सोडले आहेत. यंत्र चित्र कसे काढते आणि ते कुठे फसते, एवढ्यापुरतीच ही उत्तरे आहेत.

प्रश्न : वडिलांच्या मेंदूच्या एमआरआयची फिल्म घरी आहे. डोके एकच, पण मधली पोकळी एका चित्रात काळी, दुसऱ्यात पांढरीशुभ्र आणि तिसऱ्यात पुन्हा काळी. रिपोर्टमध्ये ‘टी-टू व फ्लेअरवर हायपरइंटेन्स ठिपके’ असे लिहिले आहे. यातले खरे चित्र कोणते मानायचे? — एक वाचक, सुदामा नगर

उत्तर : तिन्ही खरी आहेत. एक्स-रे आणि सीटीत हाड नेहमीच पांढरे दिसते, म्हणून आपल्याला रंगावरून वस्तू ओळखायची सवय लागलेली असते. एमआरआयमध्ये ती सवय बाजूला ठेवावी लागते. तिथे रंग ठरतो तो यंत्राने संकेत कधी पाठवला आणि उत्तर कधी ऐकले यावर. या वेळापत्रकालाच पल्स सिक्वेन्स म्हणतात.

शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन आहे. त्याची केंद्रके, म्हणजे प्रोटॉन, मोठ्या चुंबकात थोड्या प्रमाणात चुंबकाच्या दिशेने झुकतात. रेडिओ लहरींचा एक झटका, म्हणजे स्पंद, दिला की ती आडवी पडतात आणि स्वतः संकेत देऊ लागतात. त्यानंतर दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. केंद्रके पुन्हा उभी राहू लागतात. त्याला लागणाऱ्या वेळेचे माप म्हणजे टी-वन. आडवा संकेत विरत जातो. त्याचे माप टी-टू. १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे एकक) यंत्रात चरबीचा टी-वन सुमारे २५० मिलिसेकंद, मेंदूतल्या पांढऱ्या द्रव्याचा ७०० च्या आसपास, तर पोकळीतल्या मेंदूजलाचा जवळजवळ ४००० असतो. टी-टू पाहिला तर पांढरे द्रव्य सुमारे ८० मिलिसेकंद आणि मेंदूजल २००० च्या आसपास.

तंत्रज्ञाच्या हातात मुख्यतः दोन आकडे असतात. एका स्पंदापासून पुढच्या स्पंदापर्यंतचा वेळ म्हणजे टीआर. स्पंदापासून संकेत ऐकेपर्यंतचा वेळ म्हणजे टीई. आता हिशेब करून पाहा. टीआर ५०० ठेवला, तर तेवढ्या वेळात चरबी ८६ टक्के सावरते, पांढरे द्रव्य ५१ टक्के आणि मेंदूजल जेमतेम १२ टक्के. म्हणून टी-वन चित्रात पाणी काळे. टीआर ४००० आणि टीई १०० केला, तर ऐकायच्या क्षणी पांढऱ्या द्रव्याचा संकेत २९ टक्के उरतो, मेंदूजलाचा मात्र ९५ टक्के. त्या वेळपर्यंत मेंदूजल पुरते सावरलेले नसते, ही त्याची तूट धरूनही तेच उजळ दिसते. म्हणून टी-टू चित्रात पाणी पांढरे.

फ्लेअर हा टी-टूचाच भाऊ, पण त्यात आधी एक १८० अंशांचा स्पंद देऊन सगळी केंद्रके उलटी केली जातात. ती सरळ होताना प्रत्येकाचा संकेत एका क्षणी शून्यातून जातो. मेंदूजलाचा हा क्षण, टीआर ९००० असेल तर, साधारण २४०० मिलिसेकंदांनी येतो. नेमके तेव्हा चित्र सुरू केले की मेंदूजल काळे पडते आणि बाकी टी-टूचा स्वभाव तसाच राहतो. याचा फायदा मोठा आहे. पोकळीच्या कडेला असलेला लहानसा पांढरा ठिपका टी-टूमध्ये शेजारच्या पांढऱ्या पाण्यात हरवतो. फ्लेअरमध्ये तो काळ्या पाण्याच्या काठावर उठून दिसतो.

‘हायपरइंटेन्स’ म्हणजे आजूबाजूपेक्षा उजळ, एवढेच. ते वर्णन आहे, रोगाचे नाव नव्हे. वय, रक्तदाब, जुना मार, मायलिनचे (मज्जातंतूंवरच्या आवरणाचे) आजार अशा किती तरी कारणांनी तिथे पाण्याचा अंश वाढलेला असू शकतो. कारण शोधायला रुग्णाला तपासावेच लागते. फिल्मच्या कोपऱ्यात टीआर आणि टीई बारीक अक्षरांत छापलेले असतात. ते वाचले की कोणते चित्र कोणते हे घरीही कळेल.

प्रश्न : मी खंडवा रोडवरच्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकतो. स्पिन एकोच्या आकृतीत ९० अंशांच्या स्पंदामागून १८० अंशांचा स्पंद असतो. तो दिला नाही तर काय बिघडेल? आणि ग्रेडियंट एकोत तो नसतो, तरी चित्र कसे येते? — एक विद्यार्थी

उत्तर : आधी बिघाड किती मोठा आहे ते आकड्यांत बघू. १.५ टेस्लाला प्रोटॉन चुंबकाच्या दिशेभोवती सेकंदाला सुमारे ६ कोटी ३९ लाख फेऱ्या मारतो. चुंबकीय क्षेत्रात दहा लाखांत एक भाग एवढाच फरक पडला, तरी दोन ठिकाणच्या प्रोटॉनांत ६४ हर्ट्झचे अंतर पडते. म्हणजे आठ मिलिसेकंदांच्या आत ते अर्धी फेरी मागेपुढे होऊन एकमेकांचा संकेत खोडून टाकतात. टीई १०० धरून बसलात तर त्या जागेतून ऐकायला फारसे काही उरत नाही. आणि एवढा फरक तर सायनसमधल्या हवेशेजारी सहज पडतो.

आता राजवाड्यावरून पहाटे निघालेली प्रभातफेरी डोळ्यांसमोर आणा. सगळे एकदम निघाले, पण प्रत्येकाची चाल वेगळी. थोड्या वेळात रांग विस्कटते. बरोबर ५० मिनिटांनी सगळ्यांना ‘मागे फिरा’ म्हटले, तर जो जास्त पुढे गेला त्याला परतायचे अंतरही जास्त. त्यामुळे १०० व्या मिनिटाला सगळे पुन्हा एकदम राजवाड्यावर. १८० अंशांचा स्पंद हेच करतो. टीई १०० हवा असेल तर तो ५० मिलिसेकंदांवर द्यावा लागतो. अट एकच, जातानाची आणि येतानाची चाल तीच हवी. क्षेत्राची असमानता जागच्या जागी असते, म्हणून ती अट पाळली जाते. पण शेजारच्या रेणूंच्या धडपडीमुळे ज्यांची चाल वाटेत बदलली, ते वेळेवर पोचत नाहीत. ही न भरून येणारी घट म्हणजे खरा टी-टू. परतीचा हा प्रतिध्वनी, म्हणजेच स्पिन एको, अर्विन हान यांनी १९५० साली दाखवला.

या पद्धतीची किंमत वेळेत मोजावी लागते. चित्राच्या २५६ ओळी असतील आणि प्रत्येक टीआरमध्ये एकच ओळ मिळत असेल, तर ४ सेकंद गुणिले २५६, म्हणजे १७ मिनिटे ४ सेकंद. तो वेळ अगदी वाया जात नाही. एका स्लाइसची, म्हणजे शरीराच्या एका पातळ कापाची, केंद्रके सावरत असताना यंत्र दुसऱ्या वीस-पंचवीस स्लाइसचे काम उरकते. तरीही १७ मिनिटे निश्चल राहणे आजारी माणसाला जमत नाही. युर्गेन हेनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये यावर जो मार्ग प्रसिद्ध केला तो आज फास्ट किंवा टर्बो स्पिन एको म्हणून रोज वापरला जातो. एका ९० मागून १८० अंशांचे १६ स्पंद द्यायचे आणि प्रत्येक प्रतिध्वनीला एक वेगळी ओळ भरायची. १७ मिनिटांचे काम ६४ सेकंदांवर येते.

बदल्यात काय जाते तेही लक्षात ठेवा. उशिरा आलेले प्रतिध्वनी क्षीण असल्याने कडा किंचित पुसट होतात. चरबी, जी साध्या स्पिन एकोच्या टी-टूत मंद असते, ती इथे उजळ राहते. म्हणून चरबी दाबायचा वेगळा उपाय जोडावा लागतो. इतक्या स्पंदांनी शरीराला उष्णताही जास्त मिळते. रुग्णाचे वजन यंत्रात बरोबर भरायचा आग्रह असतो तो याचसाठी, कारण उष्णतेची मर्यादा वजनावरून मोजली जाते.

ग्रेडियंट एकोत परतीचा हुकूम रेडिओ स्पंद देत नाही. ग्रेडियंट कॉइल, म्हणजे क्षेत्राचा जोर जागेनुसार थोडा थोडा बदलणारे वेटोळे, तिचा प्रवाह उलटा केला जातो. तो उलटा केल्याने ग्रेडियंटने स्वतः केलेला विस्कोट सावरतो. चुंबकाची आणि ऊतींची असमानता तशीच राहते. तिच्यासकट मिळणाऱ्या घटीला टी-टू-स्टार म्हणतात. केंद्रके पूर्ण आडवी पाडत नाहीत, थोडीच कलवतात, म्हणून फार वाट पाहावी लागत नाही. टीआर ३० आणि ऊतीचा टी-वन ९०० असेल, तर सर्वांत जास्त संकेत सुमारे १५ अंशांना मिळतो. कोसाइनचे सूत्र तुम्ही काढून पाहालच. २५६ ओळी आठ सेकंदांच्या आत होतात.

आणि इथे एक दोषच उपयोगी पडतो. जुन्या रक्तस्रावातले लोह आजूबाजूचे क्षेत्र बिघडवते. स्पिन एको ते बरेचसे झाकतो. ग्रेडियंट एको मात्र तिथे काळा डाग देतो, तोही खऱ्या आकारापेक्षा मोठा. मेंदूतले बारीक रक्तस्राव शोधायला म्हणूनच हा सिक्वेन्स लागतो. कॅल्शियमही काळेच दिसते. दोन्हींत फरक करायला कलेचे, म्हणजे फेजचे चित्र बघावे लागते; केंद्रके फेरीत किती मागेपुढे आहेत ते त्यात दिसते.

प्रश्न : मानेच्या तपासणीत आईंना ४० मिनिटे आत ठेवले. मधूनमधून ठकठक, मग घणघण, मग एकदम शांत. एक भाग दोनदा केला. यंत्र बिघडले होते का? — एक वाचक, रामबाग

उत्तर : आवाज ग्रेडियंट कॉइलचा. चुंबकाच्या आत तिच्यातून प्रवाह चालू-बंद झाला की तिला धक्का बसतो आणि ती ध्वनिवर्धकाच्या पडद्यासारखी थरथरते. जसे वेळापत्रक तसा ताल. स्पिन एकोची ठकठक, तर डिफ्यूजन नावाच्या सिक्वेन्समध्ये (पुढचा प्रश्न पाहा) ग्रेडियंट दर ०.७ मिलिसेकंदांनी उलटत असेल तर सुमारे ७०० हर्ट्झचा कर्कश सूर. शांततेत यंत्र पुढच्या सिक्वेन्सची जुळवणी करत असते. कानात बोळे आणि वर हेडफोन दोन्ही मागून घ्यावेत.

पुन्हा केलेला भाग बहुधा गिळण्यामुळे. ओळी एकामागून एक भरल्या जातात. मध्येच घसा हलला तर त्याची सावली, ओळी ज्या दिशेने भरल्या जातात त्या फेजच्या दिशेने, संपूर्ण चित्रावर उमटते, थेट मज्जारज्जूवर. जाणता तंत्रज्ञ घशावर संकेत मारणारी पट्टी टाकतो किंवा फेजची दिशा वर-खाली करतो. आईंनी करायचे एवढेच : आवाज चालू असताना आवंढा गिळू नये, शांत झाल्यावर गिळावा.

प्रश्न : काकांना पक्षाघात झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘आधी डिफ्यूजन बघू.’ दोन मिनिटांत होणाऱ्या या चित्रात असे काय कळते? — एक वाचक, लोकमान्य नगर

उत्तर : पाण्याचे रेणू किती मोकळे फिरतात ते कळते. एक जोरदार ग्रेडियंट द्यायचा, थोडे थांबायचे, मग त्याचा परिणाम पुसणारा दुसरा. जो रेणू जागेवर राहिला त्याचा हिशेब पूर्ण फिटतो. जो हलला त्याचा फिटत नाही आणि संकेत घटतो. ग्रेडियंटचा जोर ‘बी’ या आकड्याने सांगतात, मेंदूसाठी सहसा १०००. त्या जोराला निरोगी मेंदूचा संकेत ४५ टक्क्यांच्या आसपास राहतो, मेंदूजलाचा ५ टक्के. रक्त बंद झालेल्या पेशींचे सोडियम पंप थांबतात, पाणी आत शिरून पेशी फुगतात आणि रेणूंची वाट अडते. तिथे ६५ टक्क्यांपर्यंत संकेत उरतो, म्हणून तो भाग उजळतो. सुरुवातीच्या तासांत सीटी अगदी सामान्य दिसत असतानाही हे दिसू शकते.

मात्र डिफ्यूजनचे चित्र एकटे वाचू नये. ज्याचा टी-टू मुळातच लांब आहे तो जुना डागही इथे चमकतो. शेजारी एडीसी नावाचा, रेणू किती मोकळे फिरतात ते थेट दाखवणारा नकाशा असतो. डिफ्यूजनवर पांढरे आणि एडीसीवर काळे असेल तर रेणू खरेच अडकलेले आहेत. दोन्हीकडे पांढरे असेल तर ती टी-टूची झळाळी. डिफ्यूजनवर डाग आहे पण फ्लेअरवर अजून काही नाही, यावरून झटका बहुधा साडेचार तासांच्या आतला असावा असा अंदाज करतात. झोपेतून उठल्यावर पक्षाघात लक्षात आला असेल, तर ही जोडी फार मोलाची.

मर्यादाही आहेत. एक स्लाइस १०० मिलिसेकंदांच्या आसपास उरकणारी ही घाई कपाळामागच्या आणि कानाजवळच्या हवेशी चित्र वेडेवाकडे ताणते, तिथे खोटी झळाळी येते. मेंदूच्या देठातला लहान झटका पहिल्या तासांत सुटूही शकतो. म्हणून चित्र स्वच्छ आले तरी डॉक्टर लक्षणांवर विश्वास ठेवतात. एमआरआय उपलब्ध नाही म्हणून पक्षाघाताच्या रुग्णाला कधीही थांबवू नये. रक्तस्राव आहे की नाही हे सीटी सांगते आणि उपचार त्यावर सुरू होऊ शकतात.

प्रश्न : गुडघ्यात स्टीलचे स्क्रू आहेत. एका सेंटरवर ‘फॅट सॅट’ केले तर चित्र खराब आले, दुसरीकडे ‘स्टर’ केले ते बरे आले. शिवाय ३ टेस्लाचे यंत्र घ्यावे का? — एक वाचक, इंदूर

उत्तर : दोन्ही पद्धती चरबी काळी करण्यासाठीच आहेत, म्हणजे हाडातली सूज उजळून दिसते. फॅट सॅट चरबीला तिच्या वारंवारतेवरून ओळखतो. १.५ टेस्लाला चरबी आणि पाण्यात अंतर फक्त २२० हर्ट्झ. स्क्रूजवळ क्षेत्र त्याहून कितीतरी जास्त बिघडलेले असते, त्यामुळे चरबी सुटते आणि कधी पाणीच दाबले जाते. स्टर चरबीला तिच्या टी-वनवरून पकडतो. फ्लेअरसारखाच उलटा स्पंद, पण वाट फक्त १५० ते १७० मिलिसेकंदांची. क्षेत्र थोडे बिघडले तरी टी-वन फारसा हलत नाही. गॅडोलिनियम हे भाग उजळवणारे औषध दिल्यानंतर मात्र स्टर करू नये. औषधाने उजळायला हवा तो भागही टी-वन आखूड होऊन चरबीसोबत काळा होऊ शकतो.

३ टेस्लाला संकेत जवळजवळ दुप्पट मिळतो, पण धातूचा विस्कोटही वाढतो आणि त्याच सिक्वेन्सला उष्णता सुमारे चौपट. तुमच्या गुडघ्यासाठी १.५ टेस्लाच बरे. ग्रेडियंट एको टाळून टर्बो स्पिन एको, स्टर, बारीक स्लाइस आणि वाढवलेली बँडविड्थ (संकेत ऐकायच्या वारंवारतांचा पट्टा) असा प्रोटोकॉल मागावा. शस्त्रक्रियेच्या वेळी मिळालेले इम्प्लांटचे कार्ड अपॉइंटमेंट घेतानाच दाखवावे. टेबलावर झोपल्यावर ते सांगितले तर तंत्रज्ञाला सगळा क्रम नव्याने लावावा लागतो.