आपला वकील परराज्यातल्या कोर्टात चालतो का?

प्रश्न: नमस्कार सर, प्रयागराजजवळ माझ्या सासऱ्यांची थोडी शेतजमीन आहे, ते गेल्यावर चुलत दिरांनी त्यावरून वाद काढला आणि आता केस अलाहाबाद हायकोर्टात पोचलीये. आमचे पुण्याचे वकील वर्षानुवर्षं घरचं सगळं बघतात, आम्हाला तेच हवेत. पण तिकडचे नातेवाईक म्हणतात की महाराष्ट्राचा वकील इथे उभाच राहू शकत नाही, परमिशन लागते. खरंय का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, अर्धंच खरंय. अॅडव्होकेट्स अॅक्टचं कलम 30 सांगतं की कुठल्याही राज्याची सनद असली तरी वकील देशभर कुठल्याही कोर्टात प्रॅक्टिस करू शकतो. कायदा 1961 चा, पण हे कलम लागू झालं 15 जून 2011 ला, म्हणजे पन्नास वर्षं ते नुसतं पुस्तकात होतं, आणि मला हे आजही खटकतं.

मग परमिशनची भानगड कुठून आली? तर कलम 34 मुळे. आपल्या कोर्टात वकिलांनी कुठल्या अटींवर काम करायचं ते प्रत्येक हायकोर्ट ठरवू शकतं, आणि अलाहाबाद हायकोर्टाचा नियम असा आहे की वकील यूपीच्या रोलवर, म्हणजे तिथल्या बार कौन्सिलच्या वकिलांच्या यादीत, नसेल तर त्याने तिथल्याच रोलवरच्या आणि त्याच कोर्टात नेहमी प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला सोबत घेऊन वकालतनामा द्यायचा, नाहीतर कोर्टाकडून वेगळी परवानगी घ्यायची. लखनौ बेंचलाही हेच. जमशेद अन्सारी या वकिलांनी याला आव्हान दिलं होतं, पण 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने नियम वैध ठरवला. म्हणजे बंदी नाही, अट आहे. तुमचे वकील खुशाल उभे राहू शकतात, फक्त वकालतनाम्यावर तिथल्या वकिलाचंही नाव आणि सही पाहिजे.

आता माझं मत. तिथला वकील नुसता सहीपुरता घेऊ नका हो! रजिस्ट्रीने, म्हणजे कोर्टाच्या कार्यालयाने, फायलीत डिफेक्ट काढला किंवा केस अचानक उद्याच्या कॉज लिस्टवर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, आली तर पुण्याहून धावून कोण जाणार? आणि जमिनीचा कायदाही तिकडचा वेगळा, आपला सातबारा तिथे नाही, खतौनी बघावी लागते, आणि शेतजमिनीचे वारस ठरवायला यूपीच्या 2006 च्या महसूल संहितेत स्वतःचा वेगळा क्रम दिलाय, त्यामुळे हिंदू वारसा कायदा धरून चाललात तर फसाल. हे रोज करणारा माणूस हवाच. तुमचे पुण्याचे वकील घरचा इतिहास आणि कागदपत्रं जाणतात, त्यांनी ब्रीफिंग करावं, मोठ्या सुनावणीला जावं. दोन फिया पडतात हे मात्र खरं, आणि साध्या कुटुंबाला ते जड जातं, म्हणून कोण काय करणार आणि कुणाला किती द्यायचे हे आधीच लेखी घ्या, लाजू नका.

प्रश्न: माझा भाचा न्यू जर्सीत आहे, त्याचा वकील कॅलिफोर्नियाचा. त्याला तिथल्या स्टेट कोर्टात केस लढता येईल का?
– एक मामा, ठाणे

उत्तर: मामा, तिथे आपल्या कलम 30 सारखं काही नाही, लायसन्स राज्याराज्याचं वेगळं. बाहेरच्या वकिलाला त्या एका केसपुरती कोर्टाकडे परवानगी मागावी लागते, तिला प्रो हॅक व्हाइसी म्हणतात. न्यू जर्सीत त्यासाठी सबळ कारण दाखवावं लागतं, आणि अशिलाशी बऱ्याच काळापासूनचं नातं हेही त्यात चालतं, भाच्याचं तसं असेल तर अर्जात नक्की लिहायला सांगा. परवानगी मिळाली तरी सगळ्या कागदांवर सही न्यू जर्सीच्याच वकिलाची लागते आणि केसची आणि त्या पाहुण्या वकिलाच्या वागण्याचीही जबाबदारी त्याच्यावर असते. त्यामुळे पैसे भरायच्या आधी तो स्थानिक वकील कोण आहे हे विचारून घ्या आणि भाच्याला त्याच्याशी स्वतः एकदा बोलायला लावा.