टोकियोत एकच दिवस आहे, मेइजी श्राइनला जाणं वर्थ आहे का? मूर्ती नाही म्हणतात, मग बघायचं काय?

जा. आणि ते 'मूर्ती नाही, मग बघायचं काय' वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण माझे काका फोनवर अगदी हेच म्हणाले होते.

मी पाच वर्षं टोकियोत आहे. मागच्या नोव्हेंबरात बाबा आले होते, त्यांना सकाळी लवकरच घेऊन गेलो. हाराजुकू स्टेशनबाहेर माणसांची रीघ, आणि लाकडी तोरीखालून, म्हणजे देवळाच्या कमानीखालून, आत शिरलं की थोड्या वेळात फक्त पायाखालच्या खडीचा करकर आवाज. वाटेत एक माणूस हा एवढा रुंद झाडू घेऊन पानं लोटत होता. बाबा थांबून बघतच राहिले, कारण तो पानं जाळत नव्हता की पोत्यात भरत नव्हता, परत झाडांखालीच नेऊन टाकत होता. मी म्हटलं बाबा, हे सगळं रान माणसांनी लावलंय. १९२० साली देऊळ झालं, त्यासाठी देशभरातून लाखभर झाडं आली. तेव्हाचे पंतप्रधान ओकुमांना सीडरचं, म्हणजे उंच सूचिपर्णी झाडांचं, रान हवं होतं पण वनतज्ज्ञ होंडा सेइरोकू अडून बसले, शहरात सीडर तग धरणार नाही, रुंद पानांची सदाहरित झाडं लावा, ती पुढे आपली आपण वाढतील. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात देऊळ जळलं, ते १९५८ ला परत बांधलं. रान टिकलं.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्या राईतला किंजळ पाडायला नको होता रे."

आमच्या गावच्या देवराईत मंडप वाढवायला तीन जुनी झाडं तोडली, तेव्हा विरोधात मी एकटा होतो आणि बाबा काकांच्या बाजूने. देवाला टाइल्स आणि पत्र्याची शेड लागते असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा इथे येऊन उभं राहावं, मी स्पष्टच सांगतो. राईत झाडच देव आहे, हे आमच्या आजीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तोडलेल्या जागी रोपं लावा म्हणून मी अजून काकांच्या मागे लागलोय, आता बाबाही लागलेत.

बाकी, दीड तास पुरे. सूर्योदयाला उघडतं, सूर्यास्ताला बंद, तिकीट नाही, आतल्या बागेचे ५०० येन वेगळे. नवीन वर्षाच्या पहिल्या तीन दिवसांत मात्र जाऊ नका, लाखोंनी लोक येतात, शांतता वगैरे काही मिळणार नाही. आणि हो, सोबत कुणाचे गुडघे दुखत असतील तर खडीवर जड जातं, बाबांना दोनदा बसावं लागलं.